मामांचा तंबोरा, माझा फोन आणि मधे कूलर : स्पेक्ट्रोग्राम वाचायचा कसा

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग, म्हणजे अमुक गावचीच वस्तू अशी सरकारी ओळख, मिळाला, आपल्या नागपुरी संत्र्याला जसा आहे तसाच, आणि तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर तंबोऱ्याचे व्हिडिओ जरा जास्तच यायला लागले. त्यात हल्ली एक नवीन प्रकार दिसतो. वर कोणीतरी तंबोरा छेडतंय आणि खाली काळ्या पडद्यावर पिवळे, केशरी, जांभळे पट्टे आडवे सरकून राहिलेत. खाली कॉमेंटा, "वा, काय ओव्हरटोन आहेत!" आणि अर्ध्या लोकांना काहीच कळत नाही पण अंगठा सगळेच दाखवतात.

माझे मामा नागपूरच्या महाल भागात राहतात, तंबोऱ्याशी त्यांची चाळीसेक वर्षांची दोस्ती. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला आणि मला फोन केला, "हे काय होय बे? तंबोऱ्याचा ईसीजी काढून राहिले काय?"

खरं सांगायचं तर उपमा वाईट नाही. त्या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आणि मामांचं त्याच वेळी एका कारागिराशी वाजलं होतं. जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवरून येणारा झणझणाट, त्याच्याकडून काढून आणली, पण मामा म्हणे आवाज बंद, म्हणजे दबका झाला, कारागीर म्हणे एकदम खुला आहे, तुमचेच कान आता... पुढचं वाक्य मामांनी मला सांगितलं नाही. तर मी म्हटलं, चला, चित्र काढून बघू. त्या दोन रविवारांत मला जे कळलं ते इथे लिहितोय, गणित न घालता.

आधी मुळातलं : तार एकटी गात नाही

तार छेडली की ती थरथरते, तिच्यामुळे हवा थरथरते, हवा कानाच्या पडद्यावर आदळते, झाला आवाज. सेकंदाला किती वेळा थरथरली ते हर्ट्झमध्ये मोजतात. पुरुष गवयाचा सा बऱ्याचदा काळी एकच्या (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) आसपास असतो, म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ. हिशोब सोपा पडावा म्हणून आपण १४० धरू. तंबोऱ्यात मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, या १४० वर. शेवटची खर्जाची तार त्याच्या निम्मी, ७० वर. आणि पहिली पंचमाची, १०५ वर. हे चार आकडे लक्षात ठेवा, पुढे सारखे लागणार आहेत. (चार कुठे, तीनच की. जोडीच्या दोन्ही तारा एकच.)

आता गंमत अशी की खर्जाची तार ७० वर थरथरते हे अर्धसत्य आहे. ती अख्खी थरथरते तेव्हा ७०, पण त्याच वेळी ती मधोमध दोन भागांत पण थरथरत असते, तो झाला १४०, आणि तीन भागांत पण, २१०, मग २८०, ३५०, ४२०, असं वरवर चालूच. लहानपणी दोरी धरून लाटा काढल्या असतील तर आठवा, हळू हलवली तर एक फुगा, जोरात हलवली तर दोन फुगे आणि मधला बिंदू स्थिर. तार हे सगळे फुगे एकाच वेळी काढते. या आवाजांना उपस्वर म्हणू, कॉमेंटांमधले ओव्हरटोन ते हेच, आणि मोजताना मूळचा ७० हाच पहिला धरू.

तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो, कोणी लावला नाही तरी, हे गाणाऱ्या माणसाला सांगायला नको. तो स्वयंभू गंधार म्हणजे खर्जाचा पाचवा उपस्वर, ३५०. वरचा सा २८०, आणि ३५० भागिले २८० म्हणजे सव्वा, तोच शुद्ध गंधार. चमत्कार वाटतो पण आहे तो पाच गुणिले सत्तर.

आणि एकाच सुरात वाजवलेली सतार, व्हायोलिन आणि गिटार वेगवेगळी का वाटतात, तर हे उपस्वर कोणात कमी, कोणात जास्त, कोणाचे पटकन विझतात, कोणाचे रेंगाळतात, त्यामुळे. आपण ज्याला वाद्याचा बाज म्हणतो त्याचा मोठा भाग या हिशोबात आहे.

सावजी रस्सा आणि एक फ्रेंच माणूस

पण कानाला तर एकच आवाज येतो. त्यातून ७०, १४०, २१० वेगळे कसे काढायचे?

आपल्याकडे काही बाया अशा असतात की सावजी रश्श्याचा एक थेंब जिभेवर ठेवला की सांगतात, खसखस जास्त भाजली, दगडफूल कमी पडलं, लवंग कालची नाही. रस्सा एकच आहे, पण त्यांना घटक वेगळे लागतात. आवाजाच्या बाबतीत ही जीभ फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने दिली. १८२२ साली त्याचं पुस्तक आलं, ते उष्णता कशी पसरते यावर होतं, संगीताशी काही संबंध नाही, पण त्यातली युक्ती अशी होती की कितीही वेडीवाकडी लाट असो, ती साध्या गुळगुळीत लाटांच्या बेरजेने बनवता येते. आणि बनवता येते म्हणजे फोडताही येते. हे फोडण्याचं काम हाताने करायचं तर जन्म जाईल, पण १९६५ मध्ये कूली आणि टुकी या दोघांनी ते भराभर करण्याची रीत छापली आणि आज तुमचा साधा फोन सेकंदात कितीतरी वेळा ते करतो.

चित्र काढायचं यंत्र त्याही आधीचं. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात ते बनलं, आणि त्यामागे एक हेतू असा होता की ज्यांना ऐकू येत नाही त्यांना बोललेलं डोळ्यांनी वाचता यावं. ते तसं फार जमलं नाही. पण पक्ष्यांचा अभ्यास करणारे, भाषेचा अभ्यास करणारे, आणि आता ग्रुपवर व्हिडिओ टाकणारे, सगळ्यांनी ते उचललं.

चित्र वाचायचं कसं

डावीकडून उजवीकडे वेळ. खालून वर स्वर, खाली खालचे आणि वर उंच. आणि रंग म्हणजे जोर, जितका उजळ तितका तो आवाज मोठा. बस, एवढंच आहे. खरं तर आपली हार्मोनियम उभी करून भिंतीला टेकवली आणि कागद तिच्यासमोरून सरकवला, जी पट्टी वाजेल तिथे रेघ उमटली, तसं.

खर्जाची एकच तार छेडली की चित्रात काय दिसतं? छेडलं त्या क्षणी एक उभा उजळ पट्टा, कारण बोट सुटतानाचा टक् असा आवाज सगळ्याच स्वरांत थोडाथोडा असतो. आणि त्यातून उजवीकडे निघणाऱ्या आडव्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, सारख्या अंतरावर, दर ७० ला एक. व्हायोलिनवर मींड घेतली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत गेलं, तर या सगळ्या पायऱ्या एकदम वाकतात, आणि वरच्या जास्त वाकतात, कारण मूळ स्वर १० ने सरकला की दहावा उपस्वर १०० ने सरकतो. गमक घेतली, म्हणजे स्वर हेलकावला, तर सापासारख्या लाटा. बघायला फार सुंदर दिसतं ते, पण मामांच्या तंबोऱ्यावर येऊ.

चारही तारा छेडल्या की शिड्या एकमेकींत मिसळतात. आणि इथे मला एक गोष्ट सापडली जी मामांना पण नवीन होती. खर्जाचा सहावा उपस्वर ४२०. पंचमाचा चौथा, १०५ गुणिले ४, तोही ४२०. जोडीचा तिसरा, तोही ४२०. म्हणजे तंबोरा नीट मिळाला असेल तर सगळ्या तारा या एका रेघेत आपला वाटा टाकतात आणि तो वरचा पंचम लखलखीत दिसू शकतो. मामा म्हणाले, "अबे, हा तर चारसोबीस निघाला." निघाला खरा, पण तंबोरा मिळाला की नाही हे सगळ्यात आधी तोच सांगतो.

उलट सगळ्यात खालची ७० ची रेघ मात्र अगदी फिकट, जवळजवळ नाहीच. आणि ती फोनच्या स्पीकरवर ऐकताना तर खरंच नसते, एवढ्याशा स्पीकरला इतका खालचा आवाज काढताच येत नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू येतो ना? वरच्या पायऱ्या ७०-७० च्या अंतरावर आहेत एवढं पाहून मेंदू खालची पायरी स्वतःच भरतो.

पहिलं चित्र फसलं, कारण मे महिना

पहिल्या रविवारी दुपारी तीनला मी रेकॉर्डिंग केलं. बाहेर ४५ डिग्री, खिडकीत कूलर. चित्रात खाली एक जाडजूड, एकसारखी, कधीच न विझणारी रेघ आली. मामा खूश, "पाह्य, याला म्हणतात पंचम." मग मी तंबोरा थांबवला. रेघ चालूच.

तो कूलर होता. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटारीची गुणगुण बहुतेकदा १०० ला दिसते, आणि आपला पंचम १०५ ला. पाचाचंच अंतर. पंख्याच्या हवेचा आवाज वेगळाच, त्याला ठराविक स्वर नसतो म्हणून तो अख्ख्या चित्रावर भुरकट धुळीसारखा पसरतो.

दोन रेघा एक का दिसल्या? हे कळलं की स्पेक्ट्रोग्रामचं निम्मं मर्म कळलं, त्यामुळे इथे थोडं थांबतो.

समजा तुम्हाला बर्डीच्या स्टॉपवर उभं राहून सांगायचंय की अमुक नंबरची बस किती मिनिटांनी येते. पाच मिनिटं उभे राहिलात तर काहीच सांगता येणार नाही, एखादी आली किंवा नाही आली. दोन तास उभे राहिलात तर बरोबर सांगाल की दर बारा मिनिटांनी. पण मग कोणी विचारलं की सव्वापाचला नेमकं काय झालं, तर तुमचं उत्तर दोन तासांचं मिळून आहे, सव्वापाचचं नाही. स्वर म्हणजे शेवटी किती वेळाने थरथर परत येते एवढंच, म्हणून तोही ओळखायला थोडा वेळ उभं राहावं लागतं. सॉफ्टवेअर आवाजाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातले स्वर मोजतं, त्या तुकड्याला खिडकी म्हणतात.

मी खिडकी ठेवली होती २०४८ नमुन्यांची. रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं घेतं, म्हणजे ही खिडकी सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही लहान. तेवढ्यात साधारण २० हर्ट्झपेक्षा जवळचे दोन स्वर वेगळे ओळखूच येत नाहीत. १०० आणि १०५ एकच जाड रेघ. मग खिडकी ३२,७६८ केली, पाऊण सेकंदाची, तर कूलर आणि पंचम स्वच्छ वेगळे झाले. पण त्याच वेळी बोट सुटण्याचा तो उभा पट्टा पसरून गेला, कधी छेडलं ते धूसर.

दोन्ही एकदम मिळत नाही. नवीन फोन घेऊन पण नाही आणि महाग सॉफ्टवेअर घेऊन पण नाही, निसर्गाचाच नियम आहे तो. म्हणून सरावलेला माणूस एकच आवाज दोन खिडक्यांतून बघतो. व्हिडिओवाले एकातूनच दाखवतात आणि ती किती होती हे सांगत नाहीत.

आता जवारी

गिटारमध्ये तार एका धारेवर टेकते, तिथून पुढे ती मोकळी. तंबोऱ्याची घोडी तशी नसते, ती रुंद असते आणि वरून किंचित उतरती, पोटासारखी. तार तिच्यावर जवळजवळ झोपते. आणि तार आणि घोडी यांच्यामधे कारागीर सुताचा दोरा सरकवतो. तो केसभर पुढेमागे केला की आवाज मेल्यासारखा ठस्स तरी होतो नाहीतर एकदम झणझणतो. हे सगळे बघतात, पण होतं काय नेमकं?

तार खाली-वर होताना दर वेळी घोडीवर जराशी टेकते आणि जराशी उचलते. टेकण्याची जागा सारखी पुढेमागे. मोठी दोरी हलवताना तिचं टोक जमिनीला घासलं तर कसे बारीक बारीक थरकाप दोरीतून पळतात, तसं. म्हणजे खालच्या स्वरातला जोर त्या घासण्यातून सारखा वरच्या उपस्वरांना मिळत राहतो.

यातली सगळ्यात झकास गोष्ट एका मोठ्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलीय. चंद्रशेखर वेंकट रामन. आपल्या गांधीसागराशेजारी त्यांच्या नावाचं रामन विज्ञान केंद्र आहे, शाळेच्या ट्रिपला सगळे गेलेत, पण ते स्वतः १९१० मध्ये नागपुरात नोकरीला होते हे किती जणांना माहीत आहे? अर्थखात्यात होते, वर्षही पूर्ण झालं नाही आणि कलकत्त्याला बदली. नोबेल मिळालं १९३० मध्ये, प्रकाशावरच्या कामाला. पण त्याआधी कितीतरी वर्षं ते वाद्यांच्या मागे होते. तबला-मृदंगावर त्यांनी लिहिलं, आणि १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर.

मुद्दा असा. तार दोन फुग्यांत थरथरताना मधला बिंदू स्थिर असतो हे वर आलंच. आता तुम्ही नेमक्या त्या मधल्या बिंदूवर बोटाने तार ओढून सोडली, तर दोन फुग्यांचा उपस्वर निघणार नाही, कारण जो बिंदू त्याच्यासाठी हलायलाच नको तोच तुम्ही हलवला. चौथा नाही, सहावा पण नाही. हा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाचा नियम आहे. गिटारला तो बऱ्यापैकी लागू पडतो, बाराव्या पडद्यावर, म्हणजे तारेच्या मधोमध, छेडून बघा, आवाज पोकळ येतो. रामन म्हणाले, दोरा घातलेला तंबोरा हा नियम पाळत नाही. जो उपस्वर निघायलाच नको तो चांगला खणखणीत निघतो. कारण घोडीवरच्या त्या टेकण्या-उचलण्यातून जोर एका उपस्वराकडून दुसऱ्याकडे जातो.

आणि रामननी जे कानाने आणि तर्काने पकडलं ते आपल्याला फोनवर बघता येतं म्हणजे बघा. आम्ही दोरा काढून खर्ज छेडला. चित्र एखाद्या उतरत्या छपरासारखं, वरच्या रेघा आखूड, लगेच विझल्या, खालच्या चार-पाच लांब. मग दोरा घालून, जागा मिळेपर्यंत सरकवून, परत तीच तार. छप्पर गायब. वरच्या रेघा उजवीकडे लांबपर्यंत गेलेल्या, आणि त्यातल्या काही तर छेडल्यानंतर लगेच नाही, थोड्या वेळाने उजळल्या. साध्या तारेत असं होत नाही, तिथे छेडलं की प्रत्येक रेघ विझतच जाते. नीट पाहिलं तर उजळपणाचा एक ढग वरून तिरपा खाली उतरताना दिसला, म्हणजे आधी वरचे उपस्वर चमकले, मग त्याखालचे, मग त्याखालचे. तंबोऱ्याच्या जवळ कान नेला की तो जो आवाज उलगडत, ओघळत गेल्यासारखा वाटतो, तोच हा.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आमचे गुरुजी हेच हाताने दाखवायचे, आणि तळहात वरून खाली तिरपा आणला.

मग भांडणाचं काय झालं?

चारही तारा वेगवेगळ्या छेडून चित्रं काढली, बाकीच्या तीन बोटांनी दाबून. पंचम आणि दोन्ही जोडीच्या तारांचे ढग व्यवस्थित. खर्जाचं चित्र मात्र छपरासारखं, म्हणजे जवारी बंद. कारागिराने चारही एकत्र छेडून ऐकलं असणार, तिघींच्या झणझणाटात चौथीचं मौन लपलं. मामांना काहीतरी कमी आहे हे कळत होतं पण कुठे ते बोटाने दाखवता येत नव्हतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. प्रवासात दोरा सरकला असेल, अजून काय. मामांनी खर्जाचा दोरा सरकवला, कानाने, चित्राकडे न बघता, आणि जागा मिळाल्यावर मग मला म्हणाले, आता काढ.

चित्राचा खरा उपयोग मला इथे दिसला. दोन माणसं आवाजाबद्दल भांडतात तेव्हा "खुला", "गोल", "भरीव" हे शब्द दोघांच्या मनात वेगळे असतात. चित्र मधे ठेवलं की निदान एकाच गोष्टीवर बोट ठेवून भांडता येतं.

"जोड मिळाली की नाही ते तर ट्यूनर पण सांगतो"

सांगतो, पण किती बारीक? समजा जोडीची एक तार १४० आणि दुसरी १४०.५. अर्ध्या हर्ट्झचा फरक, दोन्ही मिळून आवाज दोन सेकंदांत एकदा मोठा-लहान होतो, पटकन लक्षात येत नाही. पण दहाव्या उपस्वराकडे बघा, एकीचा १४००, दुसरीचा १४०५. तिथे सेकंदाला पाच वेळा डोलतो. लहान खिडकीतून बघितलं तर वरच्या रेघा सलग न दिसता मण्यांच्या माळेसारख्या तुटक दिसतात. मणी जितके लांब होत जातील तितकी जोड जुळतेय.

बरेच लोक जोड अगदी काटेकोर न जुळवता किंचित डोल ठेवतात, त्याशिवाय तंबोरा जिवंत वाटत नाही म्हणतात. ते ज्याचं त्याने ठरवावं. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे खोली तापली-थंडावली की तारा हलतातच, त्यामुळे अर्ध्या हर्ट्झवरून जीव काढण्यात अर्थ नाही.

"ॲपमध्ये तानपुरा आहे की, तो वेगळा दिसतो का?"

चांगल्या ॲपमध्ये खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंगच असतं, त्यामुळे उपस्वर, ढग, सगळं दिसतं. फरक दिसतो तो दोन-तीन मिनिटांचं चित्र एकत्र बघितल्यावर. रेकॉर्डिंगचा तुकडा परत परत वाजत असेल तर चित्र छापील साडीच्या काठासारखं दिसतं, तोच मोर परत, तीच कोयरी परत. खऱ्या तंबोऱ्यात प्रत्येक छेड थोडी वेगळी, बोट जरा पुढे पडलं, जरा जोर कमी लागला, दम घ्यायला थांबला. हातमागाचा काठ म्हणा. रियाजाला ॲप वाईट आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही, मी स्वतः तेच वापरतो, वन रूम किचनमध्ये तंबोरा ठेवू कुठे.

"मग चित्र बघूनच वाद्य घ्यावं ना, फसवणूक नको"

थांबा. चित्रानेच सगळ्यात सोपी फसवणूक करता येते.

रंग कुठून सुरू होतात हे सेटिंगमध्ये बदलता येतं. रेंज ८० डेसिबल ठेवली तर बारीकसारीक उपस्वर पण उजळतात, ४० केली तर त्यातले बरेच काळ्यात बुडतात. आवाज तोच. माईक घोडीजवळ धरला तर एक चित्र, तुंब्यासमोर, म्हणजे भोपळ्यासमोर धरला तर दुसरं. कमी दर्जाच्या एमपीथ्रीमध्ये साधारण १६,००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असतं, चित्रात वर सरळ काळी पट्टी दिसते, आणि कोणी म्हणेल बघा या वाद्यात वरचे स्वरच नाहीत. त्यामुळे दोन वाद्यांची चित्रं शेजारी ठेवून कोणी तुम्हाला महागडं वाद्य विकत असेल तर पहिला प्रश्न, दोन्हींची खिडकी, रेंज आणि माईकची जागा एकच होती का? उत्तर नाही आलं तर नमस्कार करून निघा.

आणि समजा सगळं सारखं ठेवलं, तरी जास्त रेघा म्हणजे चांगला आवाज हे कोणी ठरवलं? जास्त खुली जवारी काही जणांना कर्कश वाटते, काही घराण्यांना गोलच आवडते. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर गडद चष्मा लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिली होती, तीन नवीन आणि तीन शेकडो वर्षं जुनी, त्यात दोन स्ट्राडिवारी या नामवंत इटालियन कारागिराची. जुनी कोणती, नवीन कोणती हे बहुतेकांना धड ओळखता आलं नाही आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिवारीला. कोट्यवधींचं वाद्य! तिथे हातात वाद्य घेतलेल्यांचं एकमत होत नाही, तर रंगीत चित्र काय निकाल देणार.

"कान आहेत ना, मग हा उपद्व्याप कशाला?"

हे मामाच म्हणाले होते आधी. ज्याचा कान तयार आहे त्याला खरंच फार गरज नाही. पण शिकणाऱ्या पोरांना "जवारी ऐक" म्हटलं की ती नुसती मान डोलावतात, काय ऐकायचं तेच माहीत नसतं. माझ्या भाचीला मी पडद्यावरची ३५० ची रेघ दाखवली, हा गंधार, ही बघ आता उजळतेय, आणि तिसऱ्या छेडीला ती म्हणाली, अरे हो, आहे की! एकदा ऐकू आला की मग तो जात नाही. शिवाय जवारी काढणाऱ्या हातांसाठी याचा उपयोग आहे. आज चांगला लागलेल्या तंबोऱ्याचं चित्र ठेवून दिलं तर पाच वर्षांनी घोडी झिजल्यावर काय बदललं ते शेजारी ठेवून बघता येईल. आठवणीतला आवाज शेजारी ठेवता येत नाही.

घरी करून बघायचं तर

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी फुकट मिळतं, ट्रॅकच्या मेनूत स्पेक्ट्रोग्राम निवडला की झालं, सेटिंगमध्ये खिडकी बदलता येते. अजून खोलात जायचं तर सॉनिक व्हिज्युअलायझर, तेही फुकट. अँड्रॉइड फोनवर स्पेक्ट्रॉइड, चालू आवाजाचं चित्र लगेच सरकताना दिसतं, मुलांना तेच आवडतं. वरची मर्यादा ५,००० हर्ट्झवर आणा, नाहीतर सगळी मजा तळाशी चिरडून जाते आणि वर नुसता अंधार.

फोन एक हात अंतरावर, दर वेळी त्याच जागी, खाली घडी केलेला टॉवेल. फोनमधलं नॉइज कमी करणारं सेटिंग आठवणीने बंद करा, कारण ते एकसारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा असं समजून पुसतं, आणि तंबोऱ्याइतकं एकसारखं काय चालतं? ऑनलाइन क्लासमध्ये गुरुजींचा तानपुरा मधेच गायब होतो तो याच्यामुळे, झूममध्ये त्यासाठी ओरिजिनल साउंड असा पर्याय दिलाय तो चालू करावा लागतो. व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट चालणार नाही, वरचे उपस्वर त्यात कापले जातात, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणि कूलर बंद. आम्ही दुसऱ्या रविवारी पहाटे पाचला बसलो, महालात तेवढीच वेळ शांत असते, तरी एक दूधवाला आणि एक कोकीळ रेकॉर्ड झालेच. दूधवाल्याची किटली म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. कोकिळाची मात्र तिरपी वर चढत जाणारी मींड, खाली आमच्या खर्जाच्या आडव्या पायऱ्या. मी तो भाग कापायला निघालो तर मामांनी हात धरला. त्यांच्या फोनच्या वॉलपेपरवर आता तोच तुकडा आहे.